मधलीने निरोप पोचवला नाही

"त्याला सांग, मीठ इकडे सरकव."

थोरल्या दिरांनी हे वाक्य ताटातून नजरही न उचलता टाकलं. मिठाची वाटी धाकट्या दिरांच्या कोपरापासून चार बोटांवर होती, आणि धाकटे दीर थोरल्यांपासून हातभर अंतरावर. दोघांच्याही कानांना काही झालेलं नव्हतं. पण टेबलाच्या मधल्या बाजूला मधली बसलेली होती ना! अकरा वर्षं ती तिथेच बसत आली होती, आणि अकरा वर्षं या घरातला प्रत्येक शब्द तिच्या तोंडातून वळसा घेऊनच पलीकडे जात होता.

एरवी ती म्हणाली असती, "भाऊजी, दादांना जरा मीठ हवंय." त्या 'जरा'मध्ये तिचं सारं कसब होतं. पण आज तिचा घास हातातच राहिला होता. सकाळी आलेल्या फोनमधला एकेक शब्द तिच्या काळजात रुतून बसला होता...

"तुम्हीच सांगा ना, दादा," ती म्हणाली.

थोरल्यांनी आता कुठे ताटातून नजर वर उचलली.

घरात माणसं तीनच. थोरले दीर, पत्नी जाऊन वीस वर्षं झालेले. धाकटे दीर, ज्यांनी लग्नाचा विषय निघाला की रंधा हातात घेऊन लाकूड तासायला बसण्यात उमर घालवली. आणि यांच्या मधल्या भावाची ही विधवा बायको. तिला दोघंही नात्याने हाक मारत, पण गल्लीत सगळे 'मधली'च म्हणत. घराला लागून सुतारकामाचा कारखाना होता. थोरले चौकटी करत, धाकटे त्यांत बसणारी दारं. एकाचं काम दुसऱ्यावाचून भिंतीला टेकवून ठेवण्याच्या लायकीचं! आणि या दोघांनी अकरा वर्षांपूर्वी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

कारण विचाराल तर ऐकणाऱ्याला हसू यावं. एका गिऱ्हाइकाच्या घरी धाकट्यांचं दार चौकटीत घासत होतं. थोरल्यांनी काही न विचारता, गिऱ्हाइकाच्या देखत, रंधा काढला आणि धाकट्याच्या दाराची कड तासून टाकली. बस्स! "माझ्या दारावर हत्यार चालवलं," म्हणून धाकटे घरी आले ते तोंड शिवूनच. आणि "दार चुकलं होतं," म्हणून थोरल्यांनीही आपलं तोंड शिवून घेतलं.

सुरुवातीला निरोपांची ने-आण तिचा नवरा करत असे. तो हसत हसत करायचा, दोघांनाही शिव्या देत करायचा. दोन महिन्यांत तो गेला, आणि त्याच्या इतर वस्तूंबरोबर हे कामही तिच्या वाट्याला आलं. तिला कुणी विचारलं नाही. तो गेल्याच्या चौथ्या दिवशी थोरले दाराशी येऊन म्हणाले, "त्याला सांग, सागाच्या फळ्या आल्यात," आणि तिने डोळे पुसून सांगितलं.

पण तिने नुसतं सांगितलं असतं तर हे घर केव्हाच दुभंगलं असतं! ती निरोप धुऊन, पिळून, वाळवून मग पलीकडे नेत असे. 'त्या गाढवाला सांग' हे पलीकडे पोचताना 'दादा म्हणत होते, एकदा विचार करून बघा' असं होऊन जाई. कधीकधी तर इकडून काहीच आलेलं नसे, तरी ती पलीकडे एखादा मायेचा शब्द नेऊन ठेवी. दोघं भाऊ त्या शब्दांवर जगत होते, आणि ते शब्द कुठल्या विहिरीतून येतात हे त्यांच्या गावीही नव्हतं.

सकाळचा फोन रेडिओच्या मुलीचा होता.

रेडिओ म्हणजे तिची शाळेतली मैत्रीण. तोंड उघडलं की बंद न होणारी, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. पुढे तिला नोकरीही तशीच लागली. तीस वर्षं तिने बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या. आणि ही रेडिओ मधलीला 'घुमी' म्हणायची.

"मावशी, आईच्या घशाचं ऑपरेशन आहे सोमवारी," मुलगी म्हणाली होती. "डॉक्टर म्हणतात, जीव वाचेल. पण आवाज... आवाज राहणार नाही. आईने तुम्हाला कळवू नको म्हणून बजावलंय. मीच आपणहून करतेय फोन. बोलून घ्यायचं असेल तर चारच दिवस आहेत..."

चार दिवस! आणि गेल्या तीन वर्षांत त्या दोघी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. रेडिओचा नवरा गेला तेव्हा घरात दोन भावांचं तिच्याच तोंडून खिडक्यांच्या लाकडावरून असं काही जुंपलं होतं, की मधलीचा पाय निघालाच नाही. तिने दोन ओळींचं पत्र टाकलं. त्यानंतर दर रविवारी सकाळी येणारा रेडिओचा फोन कायमचा बंद झाला.

"मी जाणार आहे," टेबलाशी ती म्हणाली. "आज दुपारच्या गाडीने. मैत्रिणीचं ऑपरेशन आहे. कधी परतेन ते सांगता येत नाही."

"आज?" थोरले ओरडले. "शनिवारी शाळेची चौदा दारं बसवायचीत! मैत्रीण काय रक्ताची आहे का? मुलगी आहे ना तिला बघायला?" मग ते सवयीने म्हणाले, "त्याला सांग, ऐन कामात घर सोडून चालली ही. आणि हेही सांग, की चार दिवसांत दोन दारं करणाऱ्यापेक्षा कासव बरं."

मधलीच्या आत काहीतरी ताठ उभं राहिलं. ती धाकट्यांकडे वळली.

"भाऊजी, दादा म्हणतात, चार दिवसांत दोन दारं करणाऱ्यापेक्षा कासव बरं."

धाकट्यांचा चेहरा पांढराफटक पडला. अकरा वर्षांत असलं काही त्यांच्या कानी आलंच नव्हतं! "असं... असं म्हणाला? मग सांगा त्याला वहिनी, आधी स्वतःच्या चौकटी काटकोनात करायला शीक म्हणावं!"

"दादा, ते म्हणतात, आधी स्वतःच्या चौकटी काटकोनात करायला शिका."

"काय?" थोरल्यांच्या हातातला पेला डुचमळला. "हे... हे तो म्हणाला?"

"शब्द न् शब्द तोच," मधली उठत म्हणाली. "अकरा वर्षांत पहिल्यांदाच जसाच्या तसा निरोप पोचवलाय मी. आणि हा शेवटचा!"

ती पिशवी घेऊन निघाली तेव्हा कारखान्यात करवत घरघरत होती. दाराशी थोरले आडवे आले.

"जातेस तर जा. पण जाताना त्याला सांगून जा. शाळेने बदल कळवलाय. दारं आत नाही, बाहेर उघडायची. मी चौकटी तशा केल्यात."

"दादा, ते दहा पावलांवर उभे आहेत."

"तू सांगितल्याशिवाय जाणार नाहीस. मी ओळखतो तुला."

किती अचूक ओळखलं होतं त्यांनी तिला! तिची पावलं खरंच करवतीच्या दिशेने वळली. एकच वाक्य तर होतं... एका वाक्याने तिचं काय झिजणार होतं? पण अकरा वर्षं ती रोज हेच म्हणत आली होती. एकच वाक्य, एवढं एकच, मग मैत्रिणीला फोन करू. आणि त्या 'मग'मध्ये रेडिओचा नवरा जाऊन राख झाला होता.

ती रस्त्याकडे वळली. मागे वळून पाहिलं असतं तर ती थांबली असती, म्हणून तिने पाहिलं नाही. बसमध्ये पहिल्या तीन थांब्यांना तिचा जीव खालीवर होत राहिला. दोनदा तिने उतरण्यासाठी पिशवी उचलली आणि दोनदा ती मांडीवर घट्ट दाबून ठेवली.

रेडिओचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. मुलीने दार उघडलं. आत खिडकीशी, गळ्याला मफलर गुंडाळून, रेडिओ बसली होती. ती केवढी वाळली होती! मधलीला पाहून तिचे डोळे क्षणभर लकाकले आणि लगेच दगडासारखे झाले. मग त्या घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात तिने, जशी तीस वर्षं केली तशीच, घोषणा केली.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. तीन वर्षं उशिराने धावणारी गाडी आता फलाटावर लागत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल कुणालाही खेद नाही!"

मधलीला हसू आणि रडू एकदमच आलं. पण रेडिओ हसत नव्हती.

"कशाला आलीस? आवाज संपायच्या आत ऐकून घ्यायला? तमाशा आहे का हा?" तिला खोकला आला, तरी ती थांबली नाही. "माझा माणूस गेला तेव्हा तू काय लिहिलंस, आठवतं? 'तुझ्या दुःखात सहभागी आहे.' आमच्या आगारप्रमुखानेही हेच लिहिलं होतं. तेही टाईप करून!"

"घरात तेव्हा दोघांचं..."

"तुझ्या त्या दोन बैलांचं नाव काढू नकोस माझ्यासमोर! तीस वर्षं, घुमे... तीस वर्षं दर रविवारी मी फोन केला. तू एकदा तरी आपणहून केलास? एकदा? मी करते म्हणून मैत्री आहे, हे तुला कधी कळलंच नाही. तुला वाटलं, ती आपोआप चालते!"

अकरा वर्षं मधली मनातल्या मनात त्या दोन भावांना हेच सुनावत आली होती. यांचं नातं आपोआप चालतंय असं यांना वाटतं, मी मरमर मरते म्हणून ते चाललंय हे यांना दिसत नाही! आणि इथे, या मैत्रीत, ती स्वतः कोण होती? इथे ती दिरांच्याच जागेवर बसून आयतं खात आली होती. लाजेने तिची मान खाली गेली. घरी केलेला सगळा त्याग, ज्याचा तिला आतून केवढा अभिमान होता, तो या एका घोगऱ्या प्रश्नापुढे केविलवाणा होऊन गेला.

"नाही केला," ती म्हणाली. "कुणी माझे हात बांधले नव्हते. मी केला नाही. तू करशील हे मला ठाऊक होतं, म्हणून केला नाही."

"मग जा आता."

"नाही जाणार."

"मुलीला सांगून बाहेर काढीन."

"काढ. मी जिन्यात बसेन. उद्या सकाळी पुन्हा दार वाजवीन. तू तीस वर्षं केलंस ना? मला निदान तीस दिवस तरी करू दे! माफ करू नकोस, मला माफी नकोच आहे. मला फक्त खेपा घालू दे."

रेडिओने तोंड खिडकीकडे वळवलं. तिच्या गालांवरून अश्रू ओघळत होते आणि ते पुसण्याचा मानभावीपणा तिने केला नाही. शेवटी ती मुलीला म्हणाली, "चहा टाक. या बयेला साखर जास्त लागते."

पुढचे तीन दिवस रेडिओ बोलत होती. घशात काटे टोचत होते, डॉक्टरांनी गप्प बसायला सांगितलं होतं, पण ऐकते कोण! नवऱ्याचा शेवटचा दिवस तिने मिनिटामिनिटाने सांगितला, शाळेतल्या मास्तरीणबाईंची नक्कल केली, तिला न आवडलेल्या जावयाची यथेच्छ निंदा केली. मधली ऐकत होती. एकेक स्वर ती अंतःकरणात साठवून घेत होती, आणि मध्येच तिला आठवत होतं, की सोमवारी हे सगळं थांबणार...

शनिवारी दुपारी फोन वाजला. थोरल्यांचा आवाज चिरकला होता. "अगं, घात झाला! चौदाच्या चौदा दारं उलटी! चौकटी बाहेर उघडणाऱ्या आणि याने कुलपाच्या खाचा, बिजागऱ्या सगळं आत उघडायच्या हिशेबाने पाडलंय! मुख्याध्यापिकाबाई इथे उभ्या आहेत. तू त्याला सांगितलं नव्हतंस? आता तरी त्याला सांग..."

"ते कुठे आहेत?"

"हा काय, माझ्या शेजारी."

मधलीने फोन ठेवून दिला. चौदा दारं! महिन्याभराची मेहनत! तिच्या एका वाक्याने वाचली असती. पण फोन तिने पुन्हा उचलला नाही. रेडिओने सगळं ऐकलं होतं, आणि ती इतकी हसली, की मुलीला पाणी घेऊन धावत यावं लागलं.

सोमवारी ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाज गेला.

मंगळवारी संध्याकाळी भेटीच्या वेळेत, इस्पितळाच्या त्या लांबलचक खोलीत, दोघं भाऊ येऊन उभे राहिले. केसांत लाकडाचा भुसा तसाच, डोळे तांबारलेले. थोरल्यांनी रेडिओकडे पाहून अवघडून मान लववली आणि मग ते मधलीवर बरसले.

"अकरा वर्षं खोटं बोललीस तू आमच्याशी!"

"हळू," मधली म्हणाली. "इथे आजारी माणसं आहेत."

"शाळेत त्या दारांपाशी दोन तास भांडलो आम्ही," धाकटे म्हणाले. "मुख्याध्यापिकाबाई खुर्ची घेऊन बसल्या होत्या ऐकत. भांडता भांडता मी म्हणालो, माझ्या कोरीव दाराला तूच म्हणाला होतास ना, बघून डोळे निवले? तर हा म्हणतो, मी फक्त 'चालेल' म्हणालो होतो!"

"आणि माझी पाठ धरली होती तेव्हा," थोरले म्हणाले, "'दादाला जड लाकूड उचलू देऊ नका,' असा याचा निरोप तू आणला होतास. मी त्या एका वाक्यावर... त्या एका वाक्यावर किती दिवस काढले, तुला काय सांगू! आणि हा म्हणाला होता, होत नसेल तर दुसरा माणूस ठेवतो!"

"हो," मधली म्हणाली. ती खुर्चीवरून उठलीसुद्धा नाही. "खोटं बोलले. रोज बोलले. तुम्ही एकमेकांवर चिखल फेकत होतात आणि मी मध्ये उभी राहून तो धूत होते. ते सगळे मायेचे शब्द माझे होते! त्यांतला निम्मा जरी हिच्यासाठी खर्च केला असता, तर हिचा माणूस गेला तेव्हा ही एकटी रडली नसती. मला याची क्षमा मागायची आहे, पण तुमची नाही, हिची. तुम्हाला राग आला असेल तर खुशाल येऊ दे. मला आता निरोप जमणार नाहीत. दर गुरुवार ते शनिवार मी इथे, हिच्याकडे असणार. उरलेले दिवस घरी. मध्ये मात्र उभी राहणार नाही... कधीच नाही!"

थोरल्यांना चिडायचं होतं, ते जमलं नाही. त्यांचा चेहरा एखाद्या लहान मुलासारखा वेडावाकडा झाला.

"वहिनी, ते जड लाकडाचं मी म्हणालो नव्हतो," धाकटे हळूच बोलले. मग ते भावाकडे वळले. त्यांना शब्द सापडेनात, अकरा वर्षांत ती वाटच मोडून गेली होती. "पण दादा... तुझी पाठ धरली होती तेव्हा मी कारखान्याच्या खिडकीतून बघत होतो. तू वाकून चालत होतास. म्हणायला हवं होतं मी. आलंच नाही तोंडातून."

"दार चांगलं होतं रे," थोरले कसेबसे म्हणाले. "गिऱ्हाइकासमोर रंधा नको होता काढायला मी. नकोच होता..." आणि त्या धिप्पाड म्हाताऱ्याने भावाच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि शेजारच्या खाटेवरची आजी उठून बसून बघायला लागली.

मधलीच्या डोळ्यांना धार लागली. तिच्या मनात आलं, उठावं, दोघांच्या पाठीवर हात ठेवावा, काहीतरी बोलून हे सोपं करावं. ती बसून राहिली. हे त्यांचं त्यांनाच करू दे.

चौदा दारं पुन्हा करायला हवी होती, म्हणून ते लवकरच निघाले. दाराची कड किती ठेवायची यावरून जिन्यापर्यंत त्यांचा वाद ऐकू येत होता.

रेडिओच्या हाताशी वही होती. तिने लिहिलं, 'बैल बरे आहेत. आता तू बोल.'

"काय बोलू?" मधली म्हणाली. "दादांना बघितलंस ना, किती..."

रेडिओने पेन्सिल वहीवर आपटली. 'दादा नको.'

"बरं बाई. भाऊजी म्हणत होते..."

'भाऊजी नको! तुझं.'

मधलीने तोंड उघडलं आणि तिला काही सुचेना. एवढी वर्षं तिची जीभ इतरांचंच वाहत आली होती. स्वतःचं असं एक वाक्य शोधायला ती आत आत गेली आणि तिला तिथे केवढं तरी साचलेलं दिसलं.

"मला..." ती म्हणाली आणि थांबली. रेडिओ वाट बघत राहिली. "मला तुझी फार आठवण यायची गं. रविवारी सकाळी मी फोनजवळ उभी राहायचे. तू करशील म्हणून. तुझा फोन बंद झाला तेव्हा मला तुझा राग आला होता... तुझा! आणि नवरा गेला तेव्हा मी रडलेच नाही नीट, चौथ्या दिवशी फळ्या आल्या होत्या..."

रेडिओ कशीबशी सरकली आणि खाटेवर जागा केली. मधली तिथे बसली आणि बोलत राहिली. घंटा झाली, बाकीचे भेटायला आलेले उठून गेले. परिचारिका येऊन पायथ्याशी उभी राहिली.

"बाई, वेळ संपली."

"संपली असेल तुमची," मधली मैत्रिणीचा हात न सोडता म्हणाली. "माझी आत्ता सुरू झालीय."